जंजिरा संस्थान

जंजिरा संस्थान हे ब्रिटिश काळातील मुंबई इलाख्यात, कोकण किनाऱ्यावर वसलेले एक देशी संस्थान होते. आजच्या रायगड जिल्ह्यातील मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन या तालुक्यांचा प्रदेश साधारणपणे या संस्थानात मोडत असे. मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी घराण्याची येथे तीन शतकांहून अधिक काळ सत्ता होती. ‘जंजिरा’ हे नाव बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दापासून आले आहे. हबशांचा मुलूख म्हणून या प्रदेशाला ‘हबसाण’ असेही म्हणत. मार्च १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

दृष्टिक्षेप

राजधानी : मुरूड (पूर्वी जंजिरा जलदुर्ग)
क्षेत्रफळ : ३२४ चौ. मैल (सु. ८३९ चौ. किमी), जाफराबाद वगळून
लोकसंख्या : ८५,४१४ (१९०१), जाफराबाद वगळून
प्रमुख नगरे : मुरूड, श्रीवर्धन
महाल : मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन
शासक : सिद्दी घराणे, किताब प्रथम वजीर, नंतर नबाब
तोफांची सलामी : ११
लोकभाषा : मराठी

भूगोल

संस्थानाच्या उत्तरेस कुंडलिका नदीची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी, पूर्वेस रोहे व माणगाव तालुके आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा सीमा होत्या. मध्यभागी आत शिरलेल्या राजपुरीच्या खाडीमुळे प्रदेशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडत. या खाडीच्या मुखाशी समुद्रात जंजिरा हा जलदुर्ग उभा आहे. किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यामागे भातखाचरे आणि त्यापलीकडे जंगलाने व्यापलेले डोंगर अशी प्रदेशाची रचना आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जाफराबाद हा दूरचा प्रदेशही जंजिऱ्याच्या नबाबाच्या ताब्यात होता. १९०१ मध्ये तेथील लोकसंख्या १२,०९७ होती.

इतिहास

परंपरेनुसार राजपुरीच्या बेटावर प्रथम स्थानिक कोळ्यांचा मेढेकोट होता. तो अहमदनगरच्या निजामशाहीने घेतला आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे सिद्दी सरदारांचा अंमल स्थिर झाला. निजामशाही संपल्यावर सिद्दींनी आदिलशाहीची व पुढे मोगलांची चाकरी पत्करली. मोगलांच्या आरमाराची जबाबदारी मिळाल्यामुळे त्यांच्या हाती असलेल्या मुलखाच्या मानाने त्यांचे सामर्थ्य बरेच मोठे राहिले.

छत्रपती शिवाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचे वारंवार प्रयत्न केले आणि त्याच्यासमोर कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किल्ल्याला वेढा घालून खाडीत भराव टाकण्याचे काम हाती घेतले. मात्र किल्ला हाती आला नाही. श्रीवर्धनच्या देशमुखीचे वतन असलेल्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांना सिद्दीशी वितुष्ट आल्यामुळे कोकण सोडावे लागले. पुढे ते पेशवे झाले. मराठी कागदपत्रांत सिद्दीचा उल्लेख अनेकदा ‘शामल’ असा येतो. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळच्या लढाईत चिमाजी अप्पांनी सिद्दी सात याचा पराभव केला. त्यात तो मारला गेला. त्यानंतर सिद्दींची सत्ता आकुंचित झाली. १७९१ मध्ये वारसाच्या वादातून सिद्दी घराण्यातील एका शाखेला सुरतेजवळ सचीन हे वेगळे संस्थान मिळाले. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही.

लोकसंख्या

१९०१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या ८५,४१४ इतकी नोंदली गेली. मागील दशकाच्या तुलनेत ही वाढ सुमारे ४ टक्के होती. लोकसंख्येची घनता दर चौरस मैलास सुमारे २६४ होती. १९३० च्या दशकापर्यंत जाफराबादसह लोकसंख्येने १ लाखाचा आकडा ओलांडला होता.

रहिवाशांत हिंदू बहुसंख्य होते. त्यांत कुणबी, कोळी, आगरी, भंडारी, ब्राह्मण, महार आणि डोंगराळ भागातील कातकरी हे प्रमुख समाज होते. मुसलमानांत कोकणी मुसलमानांची संख्या मोठी होती. शेती, व्यापार आणि जहाजांवरील नोकरी हे त्यांचे व्यवसाय होते. बेने इस्रायल समाजाचीही येथील गावांत जुनी वस्ती होती. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या समाजाला कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत.

राज्यकर्त्या सिद्दींची संख्या अत्यल्प होती. त्यांतील बहुतेक नबाबाचे नातलग, सरदार वा इनामदार होते. इतक्या लहान वर्गाला दीर्घकाळ सत्ता राखता आली, याची प्रमुख कारणे अभेद्य जलदुर्ग आणि आरमार ही होती. मुलकी कारभारात मात्र त्यांना स्थानिक मराठी भाषक कारकुनांवर व वतनदारांवर अवलंबून राहावे लागे.

राज्यव्यवस्था

प्रारंभीच्या काळात जंजिऱ्याची गादी पित्याकडून पुत्राकडे जाईलच असा नियम नव्हता. आरमारातील कर्तबगार सरदाराची प्रमुख म्हणून निवड होई. त्याला वजीर हा किताब असे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून शासक नबाब म्हणवू लागले आणि वंशपरंपरा दृढ झाली.

पेशवाईच्या अस्तानंतर संस्थानावर ब्रिटिशांचे अधिराज्य आले, तरी अंतर्गत कारभारात त्यांचा हस्तक्षेप जवळजवळ नव्हता. संस्थान ब्रिटिशांना खंडणीही देत नसे. नबाब सिद्दी इब्राहिम खान याच्या कारकिर्दीत फौजदारी न्यायदानाविषयी गंभीर तक्रारी झाल्यामुळे १८७० च्या सुमारास ही स्थिती बदलली. नबाबाचे फौजदारी अधिकार काढून घेण्यात आले आणि मुरूड येथे ब्रिटिश अधिकारी नेमण्यात आला. पुढे कुलाबा जिल्ह्याचा कलेक्टर हाच संस्थानाचा पोलिटिकल एजंट असे.

१८७९ मध्ये सिद्दी अहमद खान अल्पवयात गादीवर आला. त्याचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाले. त्याच्या कारकिर्दीत मुरूडला नळाच्या पाण्याची योजना झाली आणि समुद्राकाठी नवा राजवाडा बांधण्यात आला. सत्तेचे केंद्र बेटावरून किनाऱ्यावर आल्याची ही खूण होती. बेने इस्रायल समाजातील शालोम बापूजी इस्राएल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाचे कारभारी म्हणून काम केले. १९२२ मध्ये सिद्दी महंमद खान गादीवर आला. तो जंजिऱ्याचा अखेरचा शासक होय.

अर्थव्यवस्था

भात हे मुख्य पीक होते. डोंगर-उतारावर नाचणी व वरी ही पिके घेतली जात. किनाऱ्यावरील वाड्यांतील नारळ व सुपारी ही नगदी उत्पन्नाची प्रमुख साधने होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी विशेष प्रसिद्ध आहे. मासेमारी हा कोळी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी संस्थानाचे वार्षिक उत्पन्न अंदाजे साडेपाच लाख रुपये होते. शेतसाऱ्याखेरीज जंगल, अबकारी आणि जकात यांतूनही महसूल मिळे.

समुद्रावरील लढाया थांबल्यावर आरमारापासून मिळणारे उत्पन्न व महत्त्व संपले आणि संस्थानाचा आर्थिक व्यवहार मुंबईशी बांधला गेला. येथील जंगलांतून मुंबईला सरपण जाई. किनाऱ्यावरील अनेक पुरुष मुंबईच्या जहाजांवर खलाशी म्हणून नोकरी करीत. आगबोटीने मुंबईशी नियमित दळणवळण असे, परंतु पावसाळ्यात ते बंद पडे. संस्थानात रेल्वे नव्हती. त्यामुळे वर्षातील काही महिने येथील गावांचा बाहेरच्या बाजारपेठेशी संपर्क फार मर्यादित राही.

विलीनीकरण

स्वातंत्र्यानंतर विलीनीकरणाच्या मागणीने जोर धरला. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आदींच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी म्हसळा व श्रीवर्धन ही ठाणी ताब्यात घेतली. त्यानंतर नबाबाने विलीनीकरण मान्य केले. मार्च १९४८ मध्ये संस्थानाचा प्रदेश मुंबई प्रांतात समाविष्ट होऊन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याचा भाग बनला. जाफराबाद आज गुजरातमधील अमरेली जिल्ह्यात आहे.

सद्यस्थिती

जंजिरा किल्ला आज संरक्षित स्मारक व पर्यटनस्थळ आहे. तेथील कलालबांगडी ही तोफ प्रसिद्ध आहे. नबाबांच्या शिकारीच्या राखीव जंगलात १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य स्थापन झाले. राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी बंदर विकसित झाले आहे. नारळ, सुपारी व मासेमारी यांवर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे अजूनही अवलंबून आहेत. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर व मुरूड परिसरातील वाड्यांची मोठी हानी झाली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देण्यास काही वर्षे लागत असल्याने या हानीचा परिणाम बागायतदारांवर दीर्घकाळ राहणारा ठरला.