खोक्यावरची बखर : संगणकाच्या स्पीकरमधील वॅटचा इतिहास

१/५ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या घरांत संगणक येऊ लागला आणि त्यामागोमाग स्पीकरही. खरेदीसाठी लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. तिथे ओंजळीएवढ्या जोडीच्या खोक्यावरही शेकडो वॅट छापलेले असत!

२/५ तो आकडा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा. या मापाला सर्वमान्य व्याख्याच नव्हती. त्यामुळे आकडा फुगवणे सोपे होते. सलग मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ आकडा सांगतो.

३/५ १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांना प्रमाण मानले. इथे खोके ही बखर, तर अडॅप्टरवरची पट्टी हा अस्सल कागद. १२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे २४ वॅट. त्याहून अधिक शक्ती सलग मिळणे अशक्य.

४/५ सबवूफर एकच का असतो? ५० हर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मीटर. इतक्या लांब तरंगाची दिशा कानांना उमगत नाही. मात्र हाच खर्ज भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडेही पोहोचतो. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

५/५ म्हणून दहा फुटी खोलीत, विद्यार्थ्याच्या मोजक्या पैशांत, आधी दोन चांगले स्पीकर घ्यावेत. सबवूफर हवाच असेल, तर खर्ज कमी करण्याचे वेगळे बटण असलेला निवडावा. साधनचिकित्सा केवळ दप्तरखान्यातच करायची नसते. दुकानात ती पदरचे पैसे वाचवते.