दोर सांधणाऱ्या खुंटीची कुळकथा

दोराला गाठ मारली की त्याची ताकद पुष्कळदा निम्म्यावर येते, कारण गाठीच्या आवळ वळणात सगळा ताण मोजक्याच तंतूंवर पडतो. तेच पदर उकलून दुसऱ्या दोराच्या पदरांत एकाआड एक ओवले, तर नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद टिकते. शिडाच्या जहाजावर माणसांचे जीव अशा सांध्यांवर अवलंबून असत. घट्ट पिळातले पदर नुसत्या बोटांनी उचलता येत नाहीत, म्हणून युरोपीय खलाशी दोन हत्यारं बाळगत : लाकडाची किंवा हाडाची निमुळती खुंटी, म्हणजे फिड, आणि लोखंडाचा टोकदार सुळा, म्हणजे मार्लिनस्पाइक. या हत्यारांची कथा बहुधा प्रगतीची म्हणून सांगितली जाते. आधी लाकूड, मग लोखंड आणि शेवटी आजची पोकळ नळी. ही मांडणी मला चुकीची वाटते. हत्यार बदललं ते दोराची घडण बदलली म्हणून.

कॅप्टन जॉन स्मिथच्या १६२७ सालच्या नौकानयनावरील पुस्तकात मार्लिनस्पाइक आहे. म्हणजे लोखंडी सुळा तेव्हाच जहाजावर रुळला होता. तो लाकडाहून सरस असता तर लाकडी खुंटी पुढच्या शतकात दिसेनाशी व्हायला हवी होती. पण लोखंड मुबलक झालेल्या एकोणिसाव्या शतकातही ती टिकली. अंबाडीसारख्या वाखाचा दोर जाड असला की पदरांमध्ये रुंद फट पाडावी लागते. तेवढ्या जाडीचा लोखंडी सुळा पेलायला जड, आणि त्याच्या टोकाने वा कडेने तंतू तुटण्याचा धोका वेगळाच. गुळगुळीत लाकूड तंतूंना न दुखावता फट रुंदावतं. बारीक, आवळ पिळाच्या दोरीत मात्र लाकडाचं अणकुचीदार टोक मोडतं, तिथे लोखंडच हवं. लाकूड स्वस्त म्हणून राहिलं, असा आक्षेप कोणी घेईल. पण उत्तम फिड लिग्नम व्हिटी या लाकडाची मानली जाई. हे लाकूड युरोपात उगवत नाही. ते कॅरिबियन बेटांवरून आणि अमेरिकेच्या उष्ण भागातून यायचं. ते इतकं घट्ट असतं की पाण्यात बुडतं. केवळ काटकसर करायची तर समुद्रापलीकडचं लाकूड कोण निवडेल?

पोलादाची खरी गरज तारेच्या दोराने निर्माण केली. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्टने १८३४ मध्ये लोखंडी तारांचा दोर वळला : तीन पदर, प्रत्येक पदरात चार तारा. पुढे जहाजांच्या डोलकाठ्यांचे ताणदोरही तारेचे झाले. अशा दोरापुढे लाकडी खुंटीचं काही चालत नाही. टोकाशी चपटा केलेला पोलादी सुळा आत घालून फिरवला, तरच तारेचा पदर उचलला जातो.

विसाव्या शतकात वेणीसारखे विणलेले दोर आले, आतला गाभा वेगळा आणि बाहेरचं आवरण वेगळं. इथे पिळाचे पदरच नसल्याने उचलायचं काही उरत नाही. दोराचं टोक दोराच्याच पोटात ओढून न्यावं लागतं. म्हणून फिड पोकळ झाली, तिच्या मागच्या तोंडात दोराचं टोक बसू लागलं. तिची लांबी दोराच्या व्यासाच्या सुमारे एकवीस पट ठेवतात, आणि सांध्याची सगळी मापं याच लांबीत मोजतात. हत्यारच मोजपट्टी व्हावं, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते. हा बदल कृत्रिम धाग्यामुळे झाला, असंही म्हणता येईल. पण मग तीनपदरी नायलॉनच्या दोरालाही नळीच लागली असती. तो आजही लाकडी खुंटीने सहज सांधता येतो. त्याची टोकं उष्णतेने वितळवता येतात एवढाच फरक, आणि तरी जाणकार त्यांवर मेणवलेल्या सुताचे वेढे आवळतातच.

तेव्हा सांधणीचं हत्यार विकत घेताना दुकानदाराला आधी आपला दोर दाखवा : पिळाचा आहे, तारेचा आहे की विणीचा.