एका शाळेचे दोन वकील

सिडनीच्या पीटरशॅम उपनगरात फोर्ट स्ट्रीट ही सरकारी हायस्कूल आहे. १८४९ साली ती शहरातल्या टेकडीवर, जुन्या लष्करी इस्पितळात सुरू झाली; १९१६ साली मुलगे पीटरशॅमला आले, मुली १९७५ साली. प्रवेश परीक्षा देऊनच. ब्रीदवाक्य लॅटिन आहे : ज्याचे दैव त्याच्या हाती. पगारवाढ नाकारताना मालकही हेच ऐकवतात, म्हणून मी जरा सावध असतो.

१९५० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात या शाळेचे दोन माजी विद्यार्थी समोरासमोर उभे राहिले. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालणाऱ्या नव्या कायद्याने, सरकार ज्याला कम्युनिस्ट ठरवील त्याला महत्त्वाच्या उद्योगांतील युनियनचे पद बंद होणार होते. सरकारतर्फे गारफील्ड बारविक, एका छपाईवाल्याचा मुलगा. गोदी कामगारांच्या युनियनतर्फे हर्बर्ट इव्हॅट. वडील लहानपणीच वारलेले. इव्हॅट मजूर पक्षाचे उपनेते. हे वकीलपत्र घेतले म्हणून स्वपक्षीयांनीही बोटे मोडली. पण ते एकट्याच्या दैवासाठी उभे नव्हते.

९ मार्च १९५१ रोजी सहा विरुद्ध एक मताने कायदा रद्द झाला. सप्टेंबरात सरकारने सार्वमत घेतले, तेही हरले. शाळा मात्र दोघांनाही आपलेच म्हणते.