शब्दांची जकात

'साकीनाका' म्हणताना त्यातल्या 'नाका' या शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नाका म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून जकात घेण्याची जागा. या नाक्यावरून २०१४ पासून मेट्रो धावते. तिच्या डब्यात इंग्रजी शब्दांच्या याद्या पुटपुटणारे विद्यार्थी आम्हांला अधूनमधून भेटतात. परदेशी विद्यापीठाच्या वाटेवर त्यांना शब्दांची जकात भरायची असते.

ही जकात नवी नाही. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. राज्यकर्त्यांना रयतेची भाषा कळावी, हा त्यामागचा मुख्य हेतू. मोल्सवर्थने आरंभलेला आणि थॉमस कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला, तेव्हा मराठी माणसाच्या हाती उलट दिशेची वाट आली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. रानडे, भांडारकर त्याच परीक्षेतून पुढे गेले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले. तिथे शब्द सुटा नव्हता, वाक्यात होता. आणि ते वाक्य मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत असे दोन्हीकडून तपासले जाई.

सुट्या शब्दांच्या याद्यांना खरे बळ दिले ते विसाव्या शतकातील परीक्षांनी. १९६४ साली सुरू झालेल्या टोफेलमध्ये शब्दसंग्रहाचे स्वतंत्र प्रश्न असत. १९९५ साली ते उताऱ्यांत विलीन झाले. जीआरईनेही २०११ साली विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्याचे प्रश्न काढून टाकले. आयईएलटीएसच्या लेखनात व संभाषणात शब्दसंपदेला एक चतुर्थांश वजन आहे. पण तेथे शब्द किती अवघड, यापेक्षा तो योग्य जागी, योग्य सोबतीने आला की नाही, हे अधिक पाहतात. परीक्षा बदलल्या, याद्या मात्र हातातून सुटल्या नाहीत.

या अंतराची झळ मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सर्वाधिक बसते. आपण परीक्षा 'देतो', इंग्रज ती 'टेक' करतो. आपण गृहपाठही 'करतो' आणि चूकही 'करतो'. इंग्रजीत गृहपाठाला 'डू' लागते, चुकीला 'मेक'. ही क्रियापदे इतकी सोपी की कोणत्याच यादीत ती सापडत नाहीत, आणि मुले अडखळतात ती नेमकी इथेच. दोन भाषा शेजारी ठेवल्याखेरीज हा फरक दिसत नाही. इंग्रजी शब्दाला इंग्रजीच अर्थ देणाऱ्या याद्यांनी हे शेजारपण मोडले. मराठीला वर्गाबाहेर ठेवले की इंग्रजी लवकर येते, असे आम्ही अध्यापकांनीही फारशी शंका न घेता मानले.

याचा अर्थ पाठांतर व्यर्थ आहे, असा नव्हे. परंतु विद्यार्थ्याने नवा शब्द वहीत टिपताना त्याचे एक इंग्रजी वाक्य आणि त्याच आशयाचे एक मराठी वाक्य लिहावे, एवढे तरी आम्ही सांगू शकतो. त्यासाठी आमच्या मराठीच्या तासालाही जागा द्यावी लागेल. ती द्यायला आमची हरकत नसावी.