दाई ते नर्स प्रॅक्टिशनर : कौशल्य आपले, मग निर्णयाचा अधिकार कुणाचा?

आपल्या वस्तीतील मुलगी बारावी सायन्स झाली की घरात एकच चर्चा सुरू होते. 'नीट'मध्ये मार्क आले तर डॉक्टर, नाही आले तर नर्सिंग. म्हणजे नर्सिंग हे जणू हरलेल्या मुलीसाठी ठेवलेले काम! आणि चळवळीतले काही जाणते कार्यकर्ते तर याहून पुढे जाऊन विचारतात, "आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण काढली. आता शिकून-सवरूनही पोरींनी बेडपॅनच उचलायचे का?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला टाळून चालणार नाही. पण याचे उत्तर नर्सिंगच्या वसतिगृहात किंवा जाहिरातीत सापडणार नाही, ते इतिहासात शोधावे लागेल. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्या स्त्रियांकडे शुश्रूषेचे कौशल्य नेहमीच होते, या व्यवस्थेने त्यांना नाकारला तो निर्णयाचा अधिकार. आणि नर्स प्रॅक्टिशनर हे पद नेमके या अधिकाराविषयी आहे.

आधी गावाकडे पाहू. महाराष्ट्रातील गावागावांत बाळंतपण करणारी दाई किंवा सुईण बहुतेक वेळा अस्पृश्य मानलेल्या जातींतली असे, अनेक ठिकाणी मातंग समाजातली. ती कळा ओळखायची, पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की सरळ ते सांगायची, नाळ कापायची, वार पुरायची. ज्या घराच्या उंबऱ्याला एरवी तिचा स्पर्श चालत नव्हता, त्या घराच्या बाळंतिणीच्या खोलीत ती हक्काने जायची. का? कारण बाळंतपणाचे रक्त 'विटाळ' मानले गेले होते आणि विटाळ काढण्याचे काम विटाळलेल्या माणसानेच करायचे, हा ब्राह्मणी धर्माचा कायदा होता. सोयर फिटली की दाईला पसाभर धान्य, एखादे जुने लुगडे देऊन पुन्हा गावकुसाबाहेर पाठवायचे. एका जिवाला जगात आणणारी बाई, आणि तिच्या हाताला मात्र 'अपवित्र' म्हणायचे!

या ढोंगावर पहिला घाव कुणी घातला? मातंग समाजातील मुक्ता साळवे या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलीने. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे किती हाल होतात, हे तिने लिहिले. इतरांची बाळंतपणे करणाऱ्या समाजातील बाईला स्वतःच्या बाळंतपणासाठी छप्पर नव्हते. आरोग्यातील विषमतेवर पुढे कितीतरी अहवाल निघाले, पण त्या सगळ्यांच्या आधी आपल्या एका मुलीने ही विषमता नोंदवून ठेवली आहे, हे विसरता कामा नये.

त्याच शाळेच्या शिक्षिकेने शुश्रूषेला नवा अर्थ दिला. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे झाली. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर झालेल्या यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाई स्वतः रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. रुग्णाची जात न पाहता त्याला हात लावणे म्हणजे काय, हे त्यांनी जीव देऊन दाखवले. महाराष्ट्रात परिचारिकांचा इतिहास लिहायचा असेल तर तो इथून सुरू व्हायला हवा. आपण मात्र तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरू करतो.

पुढे मोठ्या शहरांत इस्पितळे आली आणि नर्सिंग हा पगारी पेशा झाला. पण कोणाच्याही अंगाला हात लावायचा, मलमूत्र साफ करायचे, परक्या पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी करायची, हे सवर्ण घरांना पटणारे नव्हते. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने, ज्याची स्थापना १९०९ ची, विधवा स्त्रियांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवले, तेव्हा त्यांनाही समाजाच्या नाराजीला तोंड द्यावे लागले. त्यामुळे देशभर नर्सिंगच्या पहिल्या पिढ्यांत ख्रिस्ती मुलींचेच प्रमाण मोठे राहिले, आणि महाराष्ट्रात त्यांतील अनेक कुटुंबे अस्पृश्यतेला कंटाळून धर्म बदललेली होती.

आपल्या वाशिमचाही या इतिहासात वाटा आहे. १९३८ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरबाईंनी नाझरीन चर्चच्या वतीने वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले आणि पुढे त्याला जोडून परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. तेव्हा वाशिम हा जिल्हासुद्धा नव्हता. इंग्रजांच्या काळातला बासीम जिल्हा १९०५ मध्ये मोडला गेला होता आणि आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पण आमचा प्रश्न आपल्याच लोकांना आहे : सातासमुद्रापलीकडची बाई वऱ्हाडात येऊन जे करू शकली, ते इथल्या लक्ष्मीपुत्रांना, देवळांच्या विश्वस्तांना, जमीनदारांना का सुचले नाही? कारण रुग्णाची सेवा हे त्यांच्या धर्मात खालच्या माणसाचे काम होते.

सरकारी आकडेही तेच सांगतात. भोर समितीने १९४६ च्या अहवालात नोंदवले की देशात परिचारिका होत्या सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये तेव्हा सुमारे ३०० लोकांमागे एक होती. ही नुसती गरिबी नाही. ज्या देशात स्पर्शालाच पाप ठरवले, त्या देशात परिचारिका येणार कुठून?

स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात एएनएम आली, जिला आपण गावात 'नर्सबाई' म्हणतो. दाईंसाठी सरकारने अल्प मुदतीची प्रशिक्षणे काढली. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि दाईचे काम संपले. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही जुन्या दाईपणाचा गौरव करत बसणारे नाही. घरच्या बाळंतपणात किती माता जंतुसंसर्गाने आणि रक्तस्रावाने गेल्या, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दवाखाना आला हे चांगलेच झाले. आमची तक्रार वेगळी आहे. दाईचे कौशल्य घेतले, पण दाईच्या मुलीला नर्सिंग कॉलेजपर्यंत नेणारा पूल कुणी बांधला नाही. आईचे काम गेले आणि मुलीला मिळाले ते ठेकेदाराकडचे झाडूपोछ्याचे काम किंवा आशाताईचे मानधन.

आता कोणत्याही सरकारी दवाखान्याची उतरंड डोळ्यांसमोर आणा. वर डॉक्टर, खाली स्टाफ नर्स, तिच्याखाली एएनएम, मग कंत्राटी कर्मचारी, मग आशा, जिला सरकार कर्मचारीसुद्धा मानत नाही, आणि तळाला सफाई कामगार. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून प्रत्येकजण गप्प आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की जात ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे आणि ती एकावर एक रचलेली आहे. दवाखाना त्याला अपवाद नाही. डोके कोणी वापरायचे आणि हात कोणी, हे इथेही आधीच ठरलेले असते. रात्री दोन वाजता रुग्णाची नाडी पडते आहे हे सर्वांत आधी नर्सला कळते, काय करायला हवे तेही अनेकदा तिला ठाऊक असते. पण लिहून देण्याचा अधिकार तिचा नाही, म्हणून ती फोन लावत बसते.

नर्स प्रॅक्टिशनर इथेच वेगळी ठरते. १९६५ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. गरीब आणि ग्रामीण मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते. मग अनुभवी नर्सला जास्तीचे शिक्षण देऊन तपासणी, निदान आणि उपचार यांचा अधिकार का देऊ नये, हा साधा विचार त्यामागे होता. विरोध झाला, डॉक्टरांकडून झाला, परिचारिकांच्या नेतृत्वाकडूनही झाला. आज तिथल्या अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे रुग्ण तपासते आणि औषध लिहून देते.

भारतात ही वाट अजून अरुंद आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनर तयार करण्याची गोष्ट आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने प्रसूतीसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नोंदणीकृत परिचारिकांना दीड वर्षाचे प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' बनवण्याची योजना आहे. म्हणजे बघा, दाईचे जे काम विटाळाचे होते, तेच आता विज्ञानाच्या आधारावर उच्च प्रशिक्षणाचे झाले आहे! त्या खुर्चीत दाईची नात बसणार नसेल तर तो इतिहासाने आपल्याशी केलेला दुसरा दगा ठरेल.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. "शहरातल्या श्रीमंतांना एमडी डॉक्टर आणि खेड्यातल्या गरिबांना नर्स? हा अर्धा डॉक्टर आमच्या माथी का?" २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याचे कलम ३२ आले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेही जवळपास हाच मुद्दा घेऊन संप केला. आक्षेप निराधार नाही. नर्स प्रॅक्टिशनरच्या नावाखाली सरकार डॉक्टरांची पदे रिकामी ठेवणार असेल तर त्याला आपला विरोधच राहील. पण जो वर्ग खेड्यात जायला तयार नाही, त्याने खेड्याच्या काळजीने संप करावा, हेही आपण निमूट ऐकून घेऊ नये. भोर समितीच्या वेळीही हा वाद झाला होता. बहुमताने कमी मुदतीचा लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून एकच पदवीधर डॉक्टर ठेवायचे ठरवले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले होते. पदवीधर डॉक्टर शहरात राहिला आणि खेड्याच्या वाट्याला भोंदू आला. आपली मागणी डॉक्टरही हवा आणि अधिकार असलेली नर्सही हवी, अशी दुहेरी असली पाहिजे.

आता बेडपॅनच्या प्रश्नाकडे येऊ. विनयपिटकातील महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या कामाचा नव्हता म्हणून कुणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून अंथरुणावर ठेवले आणि तथागतांनी संघाला बजावले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा आहे. तिथेच चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे येतात : तो औषध तयार करू शकतो, रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे जाणतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, मलमूत्र-थुंकीची किळस करत नाही, आणि धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देतो. बंधू-भगिनींनो, पहिली दोन लक्षणे नीट पाहा. औषध आणि हिताहिताचा निर्णय! बुद्धाने शुश्रूषकाला हातही दिला आणि डोकेही दिले. मनूच्या व्यवस्थेने हात आपल्याकडे ठेवला आणि डोके काढून घेतले. म्हणून बेडपॅन उचलण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो जन्मावरून फक्त बेडपॅनच उचलायला लावण्यात.

वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. आज जिल्ह्यात साधारण सात माणसांत एक बौद्ध आहे आणि नीती आयोगाच्या यादीत हा 'आकांक्षित' जिल्हा आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथे आपल्या किती मुली नर्स म्हणून, नर्सिंगच्या शिक्षिका म्हणून, उद्या नर्स प्रॅक्टिशनर म्हणून उभ्या राहतील आणि किती फक्त ठेकेदाराच्या झाडूसह, हे आजच ठरणार आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही कामे हाती घ्यावीत. मुलींना एएनएमवर थांबवू नका. बारावी सायन्स, सीईटी, चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, किमान एक वर्ष वॉर्डातला अनुभव आणि मग नर्स प्रॅक्टिशनर, ही पूर्ण वाट त्यांना दहावीतच सांगा. जीएनएम झालेल्या मुलींना पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा दोन वर्षांचा मार्ग आहे. प्रवेशाआधी संस्थेची मान्यता तपासा. फीसाठी मुलीची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणारी खासगी संस्था आम्ही पाहिली आहे, तिथे अर्ज-विनंती करून नव्हे, समाज म्हणून उभे राहूनच कागद सुटले. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेचे अर्ज वेळेत भरून घ्या. आणि शासनाकडे मागणी करा की जिल्ह्यात नर्स प्रॅक्टिशनरची कायम पदे निर्माण करा, कंत्राटी नव्हे. १९४७ चा परिचर्या कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला आहे. नियम घडत असतानाच बोलावे लागते, घडून गेल्यावर फक्त मोर्चे निघतात.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपण हा बाईचा खासगी प्रश्न नसून राष्ट्राचा प्रश्न आहे, म्हणून सरकारने भार उचलला पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. बाळंतिणीजवळ कोण उभे आहे आणि तिला निर्णयाचा अधिकार आहे की नाही, हाही राष्ट्राचाच प्रश्न आहे. आपल्या आज्यांच्या हातात कौशल्य होते. आता आपल्या मुलींच्या हातात पेन आणि त्यांच्या सहीला किंमत आली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!