बिगारी आणि ओळंबा

आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण सत्याग्रहांचा, परिषदांचा आणि धर्मांतराचा इतिहास लिहितो. तो लिहिलाच पाहिजे. परंतु हत्यारांचा इतिहास आपण अजून पुरेसा लिहिलेला नाही. कोणते हत्यार कोणाच्या हाती होते आणि कोणाच्या हाती ते जाऊ दिले नाही, हा प्रश्न मनात आला की माझ्यासमोर दप्तरखाना उभा राहत नाही. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात खुंटीला टांगलेला बापाचा ओळंबा उभा राहतो.

पिंप्राळा आज जळगाव शहरात मिसळून गेले आहे. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणी ते स्वतंत्र गाव होते. आबांच्या वाट्याला वतनाची कामे आली होती. गावकुसाची पडझड दुरुस्त करायची, चावडी लिंपायची, वाड्याच्या धाब्यावर माती चढवायची, लाकडे वाहायची. म्हणजे बांधकामाला आमचे हात पिढ्यान्‌पिढ्या लागलेले होते. पण भिंत कुठून उठवायची, किती उंच न्यायची, सरळ आहे की नाही, हे ठरवणारा माणूस दुसरा असे. आमच्याकडे ओझे होते, माप नव्हते.

या कामाला नाव होते वेठबिगार. ‘बेगार’ हा मूळ फारसी शब्द. त्याचा अर्थ मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या जोखडाविरुद्धच. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बेगारीला मनाई केली, आणि त्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा आपल्याकडचा शब्द जसाच्या तसा आला. १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा झाला. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला.

इतक्या कायद्यांनी ज्याला मनाई केली, तो शब्द आज कुठे आहे? कोणत्याही बांधकामावर जाऊन पाहा. माल कालवणारा, विटा वाहणारा, घमेली उचलणारा माणूस ‘बिगारी’ या नावानेच हाक मारला जातो. त्याला आता रोज मिळतो, हा फरक मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण नाव राहिले, आणि नावाबरोबर जागाही राहिली.

माझा बाप १९७२ च्या दुष्काळात, चौदाव्या वर्षी, आबांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेला. त्यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षे तो बिगारीच होता. २००० साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने गवंडीकाम शिकायला घेतले. शिकवणारा मिस्तरी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होता. तो बापाला ‘काका’ म्हणायचा आणि चुकले की काकालाच सगळ्यांदेखत बोलायचा.

शिकायचे काय होते? वीट आधी पाण्यात भिजवायची. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते. वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. आधी कोपरे उचलायचे, मग दोरी ताणून मधली भिंत भरायची. ओळंब्याचा ठोकळा भिंतीला लावला की खालचा गोळा भिंतीला जेमतेम भिडला पाहिजे. रेटला तर भिंत बाहेर आली, लांब राहिला तर आत गेली. काटकोनासाठी दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा. पुढे शाळेत मी पायथागोरसचा सिद्धांत शिकलो, तेव्हा तो आमच्या घरात आधीच येऊन बसलेला होता.

बापाच्या पहिल्या भिंतीला पोट आले. मिस्तरीने चार थर उतरवायला लावले. रोज मात्र वर्षभर बिगाऱ्याचाच मिळाला. पुढे एका घरमालकाने विचारले, “तुमची माणसंही गवंडी व्हायला लागली का?” त्याच घराच्या चारही भिंती बापाने ओळंब्यात आणल्या; देवघराचा ओटा मात्र मालकाने दुसऱ्या माणसाकडून बांधून घेतला.

जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी आहे, असे विवेचन बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केले. बांधकामावर ती वाटणी डोळ्यांनी दिसते. तिचे समर्थन पूर्वी धर्माने होत असे, आता ‘कसब’ या शब्दाने होते. कसब नाही म्हणून बिगारी. आणि बिगारी म्हणून कसब शिकवायचे नाही. हा फेरा तोडायला माझ्या बापाचे अर्धे आयुष्य गेले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कुशल, अर्धकुशल आणि अकुशल या सर्वांना कामगार मानले, वर्षात ९० दिवस काम केलेल्याला नोंदणीचा हक्क दिला. पण हातात ओळंबा देणे हे कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही.

इथे हा लेख संपवता आला असता, आणि तो बापाचा गौरव ठरला असता. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने आपल्या घराची भिंतही ओळंब्यात धरून पाहिली पाहिजे. त्याच बांधकामांवर माझी आई होती. बाप बिगारी असताना ती बिगारी होती. बाप गवंडी झाला तेव्हा ती त्याच्या हाताखाली बिगारी झाली. मालाचे प्रमाण तिला तोंडपाठ होते: विटेच्या कामाला सहास एक, गिलाव्याला चारास एक. भिंत कुठे चुकली हे ती खालून नुसत्या नजरेने सांगायची आणि बाप मुकाट्याने ओळंबा लावून खात्री करून घ्यायचा. तरी तिच्या हाती ओळंबा मिस्तरीने दिला नाही, ठेकेदाराने दिला नाही, बापाने दिला नाही. शिकून प्राध्यापक झालेल्या मलाही ते त्या वेळी खटकले नाही.

मागच्या दिवाळीत मी तिला विचारले, तुला गवंडीकाम शिकावेसे वाटले नव्हते का? ती म्हणाली, “मला येतच होतं. मला कुणी विचारलं नाही.”

वस्त्यावस्त्यांमधून अशा किती बाया आहेत, त्यांना काय काय येते, याची नोंद आपण केलेली नाही. ती आपणच केली पाहिजे. आईपासून मी सुरुवात केली आहे.