१७ मार्च : काळ्या शाईतली धडकी

एडगर ॲलन पोच्या भयकथांना चित्ररूप देणारे हॅरी क्लार्क यांचा जन्म १८८९ साली आजच्याच दिवशी डब्लिनमध्ये झाला. चर्चच्या सजावटीचा आणि रंगीत काचांचा व्यवसाय वडिलांचा. मुलगा त्यात बापसे बेटा सवाई निघाला. १९१९ मध्ये लंडनच्या हॅरप प्रकाशनाने पोच्या कथांचे ‘टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन’ क्लार्क यांच्या कृष्णधवल चित्रांसह काढले. काटकुळी लांब बोटे, टक्क उघडे डोळे, केसाएवढ्या रेघांनी विणलेली वस्त्रे आणि भोवती गच्च काळोख! संतांच्या खिडक्या घडवणाऱ्या याच हातांनी जिवंतपणी पुरलेला माणूसही रेखाटला. १९२३ च्या आवृत्तीत रंगीत चित्रांची भर पडली. पण खरी धडकी भरते ती काळ्या शाईनेच. क्षयाने १९३१ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.